रेकॉर्ड द्यावी, पण ऐकणाऱ्याच्या हाती

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या महिन्यात माझ्याजवळची सर्वांत लाडकी रेकॉर्ड मी एका तरुणाला कायमची देऊन टाकली. ही गोष्ट आमच्या म्हार्दोळात आणि फोंड्यातल्या परिचितांत पसरायला वेळ लागला नाही. दोघांनी, आम्हाला का नाही विचारलेत, म्हणून राग धरला. एकाने, चांगले पैसे आले असते, असे ऐकवले. आणि एका जुन्या सहकारी शिक्षिकेने फोन करून, आपल्या घरातल्या माळ्यावर यजमानांच्या दोन पेट्या भरून रेकॉर्डी आहेत, त्यांचे काय करायचे, असे विचारले. हा शेवटचा प्रश्न पुष्कळ घरांत पडलेला असणार असे वाटल्यामुळे आपल्या वाचकांचा थोडा वेळ घेत आहे.

आधी त्या रेकॉर्डविषयी सांगते. शास्त्रीय गायिका सूरश्री केसरबाई केरकर यांची ती एच.एम.व्ही.ची एल.पी., म्हणजे बारा इंची, मिनिटाला 33⅓ फेऱ्यांनी फिरणारी. केसरबाई आमच्याच फोंडा तालुक्यातल्या केरीच्या, आणि हाकेच्या अंतरावरच्या मंगेशीने दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी दिलेले, त्यामुळे आमच्या भागात गाण्याविषयी थोडा ताठा असतो हे मान्य करून टाकते. रेकॉर्ड आणली ती माझ्या काकांनी. ते गिरगावात राहत आणि 1974 साली चवथीला घरी येताना त्यांनी ती ट्रंकेत, धोतरांच्या दोन घड्यांमध्ये ठेवून भाऊच्या धक्क्यावरून बोटीने पणजीला आणली. वाटेत शेजारच्या कोणाच्या तरी खोबरेल तेलाची बाटली कलंडली आणि कव्हराच्या उजव्या कोपऱ्यात रुपयाएवढा डाग पडला. माझ्या वडिलांनी त्या डागाशेजारीच शाईच्या पेनाने तारीख घातली आणि खाली लिहिले, ‘तेल बोटीवरचे’. ते प्राथमिक शिक्षक होते; खुलासा केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

आमच्याकडे तेव्हा एच.एम.व्ही.चाच फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर होता. संध्याकाळी देवाजवळ दिवा लागला की वडील एक बाजू लावत, एकच, आणि ती संपेपर्यंत आईने कढईत फोडणी घालायची नाही असा घरातला अलिखित कायदा होता. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे ख्रिस पेरी आणि लॉर्ना यांच्या कोंकणी गाण्यांच्या लहान, 45 फेऱ्यांच्या रेकॉर्डी होत्या. आमच्या आणि त्यांच्या रेकॉर्डींची कुंपणावरून देवाणघेवाण चाले, पण केसरबाईंची ही एक रेकॉर्ड वडिलांनी कधी कुंपणापलीकडे जाऊ दिली नाही. त्यांच्यानंतर मीही जाऊ दिली नाही. तेव्हा ती देऊन टाकण्यामागे माझा स्वभाव अचानक उदार झाला असे कोणी समजू नये. मी आज त्र्याहत्तर वर्षांची आहे, मुलगा परदेशी असतो, त्याला गाणे आवडते पण फोनो आवडत नाही, आणि माझ्यामागे या घरातून काय काय कुठे जाईल याचा अंदाज मला आलेला आहे.

तो अंदाज यायला कारण घडले. काही वर्षांपूर्वी माझ्याकडच्या तीसेक रेकॉर्डी, त्यांत लाखेच्या जुन्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या बाराएक, मी एका संस्थेला भेट दिल्या. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसे भली होती आणि त्यांनी मला शाल-श्रीफळही दिले. दोन पावसाळ्यांनंतर तिथे गेले असता त्या रेकॉर्डी एका लोखंडी कपाटात, एकावर एक आडव्या, वर जुन्या मासिकांचा गठ्ठा अशा स्थितीत सापडल्या. आपल्याकडे पावसाळ्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. बंद कपाटातल्या कागदी पिशव्यांचे त्यात काय होते ते सांगायला नको. पांढरी बुरशी रेघांमध्ये बसली होती, तळातल्या तीन 78 तडकल्या होत्या आणि त्या दोन वर्षांत एकही रेकॉर्ड कोणी वाजवली नव्हती, कारण संस्थेकडे वाजवायचे यंत्रच नव्हते. हे मला देण्याआधी विचारायला सुचले नव्हते, म्हणून निम्मा दोष माझाही आहे.

दुसरा प्रकार आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पर्यटकांसाठी थाटलेल्या एका उपाहारगृहात भाचीने मला कॉफी प्यायला नेले, तर तिथे भिंतभर रेकॉर्डी ठोकलेल्या. ठोकलेल्या म्हणजे खिळ्याने. एका रेकॉर्डीच्या मधोमध भोक मोठे करून घड्याळाचे काटे बसवले होते आणि लेबलावर गायकाच्या नावातली फक्त शेवटची दोन अक्षरे शिल्लक होती. मी उठून जवळ गेले, रेघा पाहिल्या. झिजलेली नव्हती, वाजली असती. भाची म्हणाली, "मावशी, निदान फेकून तर दिली नाही." त्यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते. आजही पुरते नाही, पण भंगारवाल्याकडून वजनावर घेतलेल्या रेकॉर्डी अशाच भिंतींवर पोचतात, आणि भंगारवाल्याला त्या देणारे आपणच असतो, चतुर्थीपूर्वीच्या साफसफाईत, घाईघाईने.

आता ज्याला रेकॉर्ड दिली त्याच्याविषयी. नाव लिहिण्याची त्याने परवानगी दिलेली नाही. तो रायबंदर–चोडण फेरीबोटीवर खलाशी आहे, गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो आणि त्याची आई शाळेत माझ्या हाताखाली शिकलेली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्याने एक जुना रेकॉर्ड प्लेअर विकत घेतला, स्वतः उघडून चालू केला, आणि जवळ वाजवायला जेमतेम तीन रेकॉर्डी, म्हणून आईने त्याला माझ्याकडे धाडले. आला तो पावसात, निथळत. आधी ओसरीवर उभा राहून त्याने हात कोरडे केले, मग आत आला. मी कव्हरातून रेकॉर्ड काढून त्याच्यापुढे धरली तेव्हा त्याने ती दोन्ही तळव्यांमध्ये, नुसत्या कडांवर पेलली. रेघांना बोट लागू दिले नाही. हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते. पेटीच्या सुरांच्या पट्ट्या साफ करताना तशाच धराव्या लागतात, असे तो म्हणाला.

मी भैरवी लावली. ‘जात कहाँ हो’. तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे, एल.पी.वर आले ते मूळच्या 78 वरून. 78 च्या रेकॉर्डीवर एका बाजूला त्याहून फारसे मावतच नसे, म्हणून त्या पिढीतल्या गवयांना तासाभराचा पसारा तेवढ्यात आवरावा लागे. त्याने पूर्ण ऐकले, पुन्हा लावायला सांगितले, आणि दुसऱ्यांदा ऐकताना कपाळाला आठी घालून म्हणाला, "बाई, रागावू नका. हे जरा वर लागते आहे." मला खरोखरच राग आला. पन्नास वर्षे मी ती रेकॉर्ड ऐकते आहे. त्याने माझ्याकडून वर्तमानपत्राचा एक कपटा मागून घेतला (आपल्याच दैनिकाचा होता), तो रेकॉर्डीच्या कडेखाली जराशी बाहेर दिसेल असा खोचला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत मला म्हणाला, "मोजा." मिनिटात कपटा तेहतीस वेळा आणि वर थोडासा यायला हवा. मी पस्तीस मोजले. पुन्हा मोजले, पुन्हा पस्तीस.

म्हणजे जवळजवळ अर्ध्या स्वराचा फरक. हे केव्हापासून चालले होते? वीसेक वर्षांपूर्वी प्लेअर बंद पडला असता एका दुरुस्तीवाल्याने मोटारीच्या दांडीवरची पुली बदलली होती. ती मूळच्यापेक्षा किंचित जाड निघाली, एवढेच कारण. पण त्या वीस वर्षांत मी विद्यार्थिनींना बोलावून बोलावून ती भैरवी ऐकवली, केसरबाईंच्या आवाजातल्या त्या ‘तीक्ष्ण तेजा’विषयी बोलत राहिले, आणि त्या तेजातला काही भाग पुलीचा होता. पुढच्या रविवारी तो बोटीवरच्या कोणा मित्राकडून पुली घासून घेऊन आला आणि आम्ही योग्य गतीने भैरवी ऐकली. आवाज खाली आला, रुंद झाला, तान थोडी सैलावली, आणि प्रत्येक स्वरावर गळ्याचे वजन किती आहे ते मला पहिल्यांदा कळले. रेकॉर्ड त्याला द्यायची हे मी त्या दिवशी, ती बाजू संपायच्या आत ठरवले.

कुणाला हा माझा भाबडेपणा वाटेल. पण केसरबाईंचेच उदाहरण घ्या. अल्लादियाखाँसाहेबांकडून वर्षानुवर्षे घेतलेली विद्या त्यांनी सहजासहजी कोणाला दिली नाही. शिष्या म्हणून नाव घ्यावे तर ते एका धोंडूताई कुलकर्णी यांचे. याला कृपणपणा म्हणणारे होते आणि आहेत. मला स्वतःला त्यांचा तो कडकपणा आवडत नाही. विद्या आणखी दहाजणींना मिळायला हवी होती. पण देताना घेणाऱ्याचा कान पाहावा, हा त्यातला भाग मात्र मी उचलला. रेकॉर्डीच्या बाबतीत तो सोपाही आहे, कारण इथे वर्षानुवर्षांची तालीम लागत नाही, दोन रविवार पुरतात.

याच भैरवीची दुसरी एक हकीकत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन याने अंतराळात सोडली, तेव्हा त्यांवर पृथ्वीवरच्या संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची बारा इंची तबकडी बसवली आणि तिच्यातल्या सत्तावीस तुकड्यांत केसरबाईंची ही भैरवी घेतली, हे गोव्यातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. व्हॉयेजर-1 निघाले 5 सप्टेंबरला, आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. मात्र ती भैरवी निवडल्यावर तिची प्रत मिळवताना काय झाले हे फारसे कोणी सांगत नाही. एल.पी. बाजारात मिळेनाशी झाली होती. निवड करणाऱ्या मंडळींपैकी अॅन ड्रुयन न्यूयॉर्कमध्ये शोधत फिरल्या, आणि अखेर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या तपकिरी खोक्यात, न उघडलेल्या तीन प्रती सापडल्या. त्यांनी तिन्ही विकत घेतल्या आणि एकच रेकॉर्ड तीनदा कशाला हवी, याचे दुकानदारांना कोडे पडले. कुणीतरी ते खोके आवराआवरीत बाहेर फेकले नव्हते, म्हणून पुढचे सगळे झाले. आपल्या माळ्यांवर अशी किती खोकी आहेत?

"पण बाई, हे सगळे आता मोबाइलवर असते," असे मला हमखास सांगितले जाते. असते, आणि फुकट असते, आणि मी स्वतः स्वयंपाक करताना तेच ऐकते. रेकॉर्डीचा आवाज ‘उबदार’ असतो वगैरे बोलणाऱ्यांचे मला थोडे हसूच येते. माझ्या रेकॉर्डीची दुसरी बाजू पहिली दोन मिनिटे मोहरी तडतडावी तशी तडतडते आणि त्यात कसलीही ऊब नाही. परंतु मोबाइलवर जे चढले आहे तेही कुणाच्या तरी घरातल्या प्रतीवरूनच चढले आहे, आणि ती प्रत ज्या यंत्रावर वाजवली त्याची पुली जाड होती की बारीक हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नाही. शंका आली तर परत जायला मूळ प्रत कुठेतरी चालू स्थितीत असावी लागते. शिवाय जुन्या रेकॉर्डींतल्या सगळ्याच मोबाइलवर आलेल्या नाहीत. मुंबईत 1990 पासून रेकॉर्ड संग्राहकांची एक सोसायटी यासाठीच काम करीत आली आहे आणि अशा संग्राहकांच्या पदराला खार लावूनच पुष्कळ गाणी आपल्यापर्यंत पोचली आहेत. तेव्हा देण्याआधी रेकॉर्डीची नक्कल जरूर करून घ्यावी. मीही त्या मुलाकडूनच करून घेतली, योग्य गतीची.

माळ्यावरच्या पेट्यांविषयी विचारणाऱ्या माझ्या मैत्रिणीला जे सांगितले तेही इथे लिहिते. पेट्या उघडून रेकॉर्डी प्रथम उभ्या कराव्यात, पुस्तकांसारख्या. आडव्या रचल्या की खालच्या वाकतात. हाताला जड आणि टणक लागते, पडली की काचेसारखी फुटते ती 78 ची, लाखेची. ती स्पिरिटने कधीही पुसू नये, लाख विरघळते. वाकणारी आणि हलकी ती एल.पी., तिच्यावरची बुरशी बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने, मऊ फडक्याने, रेघांच्या दिशेने फिरवत निघते, फक्त लेबल भिजू देऊ नये आणि वाळवायला उन्हात ठेवू नये. दोहोंची सुईही वेगळी असते, एल.पी.ची बारीक सुई 78 च्या रुंद रेघेत तळाशी आपटत राहते आणि आवाज नुसता खरखरतो, त्यावरून रेकॉर्ड बिघडली असे समजून ती टाकून देणारे लोक मी पाहिले आहेत. कव्हर फाटके असले तरी फेकू नये. माझ्या त्या तरुण मित्राने घरी गेल्यावर पहिला निरोप धाडला तो गाण्याविषयी नव्हता. ‘तेल बोटीवरचे’ हे अक्षर कोणाचे, असे त्याने विचारले होते. मी सांगितले. आता त्याखाली त्याने आपली तारीख घातली आहे, ‘फेरीबोटीने’ असे लिहून. वडिलांना आवडले असते.

पैशांविषयी एक शब्द. मला या रेकॉर्डीचे दोन हजार रुपये देऊ करणारे गृहस्थ भेटले होते, आणि गरज असेल त्याने विकण्यात काही गैर नाही. औषधपाण्याला पैसे लागतात. पण घेणारा ती वाजवणार आहे की पुढे दामदुपटीने विकणार आहे, एवढे तरी विचारावे. विचारल्यावर त्या गृहस्थांनी विषय बदलला होता.

आता विनंती. आपल्या दैनिकात नाट्यप्रयोग, भजनी सप्ताह, हरवले-सापडले यांना जागा मिळते. महिन्यातून एकदा चार ओळींची जागा ‘रेकॉर्ड देणे आहे’ आणि ‘रेकॉर्ड हवी आहे’ यांसाठी विनामूल्य ठेवता आली तर पाहावे. देणाऱ्याने कलाकाराचे नाव, रेकॉर्ड 78 ची की 33 ची, आणि गाव एवढेच कळवावे. हवी असणाऱ्याने आपल्याकडे चालू यंत्र आहे की नाही ते प्रामाणिकपणे लिहावे. नसले तरी हरकत नाही, त्याला यंत्र देऊ शकेल असाही कोणी वाचक निघेल. गावोगावच्या वाचनालयांनी आणि भजनी मंडळांनी फलकावर हीच नोंद ठेवली तर फोंड्याची रेकॉर्ड काणकोणला पोचायला मुंबईच्या व्यापाऱ्याची गरज पडणार नाही. ज्या संस्थांना घाऊक भेटी स्वीकारायच्या आहेत त्यांनी खुशाल स्वीकाराव्यात, मात्र शाल-श्रीफळाच्या आधी प्लेअर घ्यावा.

सुरुवात माझ्यापासून करते. माझ्याकडे अजून अकरा रेकॉर्डी आहेत, सात नाट्यसंगीताच्या, तीन शास्त्रीय आणि एक 78 ची, जिला कडेपासून दीड इंच तडा आहे आणि जी तरीही वाजते, फक्त दर फेरीला एक ठोका देते. पैसे नकोत. घेणाऱ्याने घरी येऊन एक बाजू माझ्यासोबत बसून ऐकावी, एवढीच अट. ज्यांना हवी असेल त्यांनी आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर लिहावे, पत्रे मला पोचती करण्याचे आपण मान्य केले तर आभारी होईन. यायचे ते मात्र चतुर्थीनंतर यावे. त्याआधी घरात रंगकाम चालू आहे आणि प्लेअर पलंगाखाली आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
म्हार्दोळ, फोंडा – गोवा